लांब बाहीचं पोलकं

अशी जवळ सरक मंजू, आणि या कागदाचा उजवा कोपरा नाकाशी धर. पिवळा डाग दिसतो ना, ती कोमट तुपात कालवलेली हळद आहे, आणि हळदीच्या मागे, अगदी तळाशी, पळसाच्या हिरव्या पानाचा तुरट दर्प आहे. हा वास तुझ्या मोठीमायचा. तो अकोल्यापर्यंत टिकेल की वाटेतच उडून जाईल, मला ठाऊक नाही. पण फोनवरून तो मुळीच येत नाही, म्हणून लिहायला बसले. अमरावती ते अकोला हे अंतर ते केवढं. सकाळची एसटी धरली तर वरणाला फोडणी पडायच्या आत माणूस दारात उभं राहतं. तरी तू दिवाळीतही काचेतून तोंड दाखवतेस, आणि मी खुळी त्या काचेवर बोट फिरवून तुझे गाल चाचपते.

रागावण्याचं दुसरं कारण म्हणजे ओवीची ती वही. आज मी कोणाची आभारी आहे, अशा रोज तीन ओळी शाळेने लिहायला सांगितल्या, आणि पोरीने पानामागून पान तेच लिहिलं: देवबाप्पा, आई-बाबा, टीचर. तू मला फोटो पाठवलास आणि वर लिहिलंस, हिला काही सुचतच नाही, चांगली रागावले. सात वर्षांच्या लेकराला दटावून कृतज्ञ करायला निघालीस होय. तिचा काय दोष. आभार हा तिने ऐकलेला शब्द आहे, त्याला अजून तिने हात लावून पाहिलेला नाही. ती विद्या ज्या बाईपाशी आहे, तिच्याबद्दलची एक गोष्ट मी तुला जन्मभरात सांगितली नाही. ती आज सांगायचं ठरवलंय. मध्येच उठू नकोस.

अनसूयाबाई, तुझी मोठीमाय, माझी थोरली जाऊ. तिला आठवू म्हटलं की आधी ती ऐकू येते. उजव्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या, डाव्यात एकच, तीही बाहीखाली दडलेली. म्हणून तिचं काम नेहमी अर्धंच ऐकू यायचं. पीठ मळताना, अंगण सारवताना, अंगणवाडीतल्या पोरांची नाकं पुसताना एक बाजू किणकिणायची आणि दुसरी बाजू मुकाट राबायची. वैशाखात जेव्हा आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडत, आणि दुपार एखाद्या तापलेल्या तव्यासारखी गावावर पालथी पडून राही, तेव्हाही तिच्या अंगात मनगटापर्यंत लांब बाहीचं पोलकं असायचं. रिद्धपूरच्या यात्रेला निघालेल्या बाया तिला चिडवायच्या, "अनसूयाबाई, काश्मीरले जाऊन राहिल्या का?" ती म्हणायची, "ऊन चावते वं मले." आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची, मंजू. ते आधी सांगून ठेवते.

ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती, जवळजवळ तीस वर्षं. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिने लेकरांना जे दिलं ते सगळं खेळातूनच दिलं. सकाळी पोट्ट्यांना भिंतीला टेकवून बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, कोणाकोणाचा आवाज येऊन राहिला. बादलीचा, खराट्याचा, परतवाड्याच्या जीपच्या हॉर्नचा. ज्याने जो आवाज आधी ओळखला, त्याने धावत जाऊन त्या माणसाला नावाने हाक मारून यायची, बस, एवढंच. झाडणाऱ्या बाईला अख्ख्या गावात नावाने हाक मारणारी ती शेंबडी पोरंच पहिली होती. दुपारी खिचडीचा एक घास हातात धरून तो मागे न्यायचा खेळ. ताटातून पातेल्यात, पातेल्यातून पोत्यात, पोत्यातून खळ्यावर, खळ्यावरून वावरात. प्रत्येक पायरीला एकेकाने एक माणूस सांगायचा, आणि जो अडेल त्याने घरी जाऊन विचारून यायचं. घास तोवर निवून जायचा, पण तो कोणी टाकायचं नाही.

मग एका वर्षी भासऱ्यांनी, बाईच्या मालकांनी, बैलजोडी विकली. त्यांचे गुडघे गेले होते, आणि वावर ट्रॅक्टरने नांगरून मिळत होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं खांदशेकणं तुला आठवतं ना? वर्षभर जू वाहिलेला बैलांचा खांदा कोमट पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने हळद-तूप चोळायचं आणि कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या संध्याकाळी मी गावातच होते. श्रावणाच्या अखेरीचं ते ओलं, मवाळ ऊन पऱ्हाटीच्या पानांवरून घसरत गोठ्याच्या दारापर्यंत आलं आणि आत कोणी नाही हे पाहून जणू उंबऱ्याशीच थांबलं. बाई वाटी घेऊन उभी होती. सवयीने कालवून बसली होती. आणि तिच्या मागे, दरवर्षीसारखी, पानं हातात घेतलेली दहा-बारा लेकरं.

राणी नावाची एक पोरगी होती, तिनेच विचारलं, "मोठेमाय, बैलच नाई तं आता आवतन कोनाले?"

बाईने वाटीतली हळद पुन्हा एकदा बोटाने फिरवली. मग म्हणाली, "बैल गेले. खांदे गेले का गावातले?"

"आमाले काय माईत."

"मंग पाहा जाऊन. तुमच्यासाठी राबता राबता ज्याच्या आंगावर निशानी पडली असन, थे शोधा. सापडली का हयद लावजा अन् आवतन देजा. दुसरं तोंडानं काईच बोलाचं नाई."

लेकरं उधळली. एकाने परतवाड्याची जीप चालवणाऱ्या रहमानचाचांचा डावा तळवा गाठला. गिअरच्या दांड्याने तिथे सुपारीएवढा घट्टा पडला होता. आणि उजवा हात खिडकीबाहेर राहून राहून डाव्यापेक्षा काळा झालेला, हे त्या दिवशी गावाने पहिल्यांदा पाहिलं. चाचा हळदीचा हात झटकत म्हणाले, "अरे बेटा, सवारी क्या बोलेगी मेरेकू, दूल्हा बन के आया क्या?" पण पुसली नाही हो त्यांनी ती. तशीच गाडी घेऊन गेले.

राणीला मात्र निशाणी सापडेना. तिची आई नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात जायची. पोरीने आईचे हात पाहिले, पाय पाहिले, पाठ पाहिली आणि रडकुंडीला येऊन परतली. "माह्या मायले निशानीच नाई. अन् थे माह्यावर सारखी खेकसते, मी कायले लावू तिले हयद?" बाईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, आज तिच्या मागं बसून हळूच हाक मारून पाह. राणीने तसं केलं. आईला ऐकूच गेलं नाही. दिवसभर यंत्रांच्या धडधडीत उभं राहून त्या बाईचे कान मंदावले होते. ती खेकसत नव्हती, तेवढ्या मोठ्याने बोललं तरच स्वतःचा आवाज तिला ऐकू येत होता. त्या रात्री राणीने आईच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरली, "माही माय रागावत नाई, तिच्या कानात मशीन राहते."

पोळ्याच्या दिवशी ही सगळी निशाणीची माणसं बाईच्या ओसरीवर जेवली. ज्या लेकराने आवतण दिलं त्यानेच वाढायचं, आणि पुढल्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा नाही, नवी निशाणी शोधायची, हे दोनच नियम. तेव्हापासून हा खेळ दरसाल चालला आहे. गावात आता बैल फार उरले नाहीत, पळसाची पानं मात्र तेवढीच लागतात.

गेल्या पोळ्याला मी ओवीला घेऊन गेले होते, तू ऑफिसमुळे आली नाहीस. पहिल्याच जेवणाला गंमत झाली. बाईने ताटात भाकर वाढली, ओवी म्हणाली, "थँक्यू, मोठी आजी." वरण वाढलं, थँक्यू. लोणचं, थँक्यू. चौथ्या थँक्यूला बाईचा हात ताटावरच थांबला. "काहून वं पोरी, मी काय हाटेलवाली हाय का? बिल बी देशीन मंग." ओवी घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. आणि मंजू, त्या क्षणी मला जाणवलं की आपल्या घरांत आपल्याच माणसाला हा शब्द म्हणत नाहीत तो संकोच सुंदर आहे खरा, पण त्या संकोचाच्या आडोशाला माझ्यासारखं एखादं माणूस चाळीस वर्षं लपून बसू शकतं.

संध्याकाळी ओवीने ठरवलं, मोठ्या आजीचीच निशाणी शोधायची. गावची पोट्टी हसली. इतक्या वर्षांत ती कोणालाच सापडली नव्हती. ओवीने तिच्या टाचांच्या भेगा पाहिल्या, बाई म्हणाली, थ्या तं म्हातारपनाच्या. बोटं पाहिली, कपाळ पाहिलं. डाव्या बाहीला हात लावला तशी बाईने पदर ओढून घेतला आणि हसत म्हणाली, "माह्या आंगावर निशानी नाई वं माय. मी जितली." परतताना एसटीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओवीने विचारलं, "आजी, मोठ्या आजीने कोणासाठीच काही केलं नाही का गं?"

मी म्हणाले, झोप आता.

त्या झोप आतापासून मी नीट झोपलेली नाही. म्हणून ऐक.

तू दीड वर्षाची होतीस. मला टायफॉइड झाला आणि उलटला. मी दोन महिने अमरावतीच्या दवाखान्यात, तू बाईपाशी. तू नुकती चालायला लागलेली. चुलीवर दुधाचं पातेलं उकळत होतं आणि तू त्याचा काठ धरून उभी राहायला गेलीस. पातेलं कललं. तुला मागे ओढायला वेळ नव्हता, म्हणून बाईने आपला डावा हात मध्ये घातला. तुझ्या पावलावर दोन थेंब उडाले, ते आठवड्यात गेले. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत गेला. ती निशाणी तुझी आहे, मंजू.

मी बरी होऊन आले तर तू माझ्याकडे येईनास. तिच्या मांडीवरून मला परक्यासारखी पाहायचीस, आणि माय तिला म्हणायचीस. हाताला बांधलेलं फडकं लपवत ती मला म्हणाली, "कमल, पोरीले सांगू नोको. जिंदगीभर मनाले लावून घेईन." मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, धाकटीने थोरलीचा शब्द पाळला. खरं सांगू? मला ते सोयीचंच होतं. जी बाई तुझी आई झाली होती, तिची थोरवी तुला कळू नये, एवढंच मला हवं होतं. तिने माझ्या लेकरासाठी हात जाळला आणि मी तिच्या बाहीवर बायांसोबत हसले.

परवा मी तिला फोन लावला. म्हटलं, बाई, यंदा मी मंजूला सांगणार, तुम्ही कितीही नाही म्हणा. तर म्हणते कशी, "मी लहान पोरीले नोको सांगू म्हनलं होतं. थे पोरगी आता चाळिशीची झाली. तुह्या तोंडाले कोनं कुलूप लावलं होतं?" तिलाच दया आली असावी, कारण लगेच म्हणाली, "बरं, सांग. पन मले कोनी हयद लावाची नाई. गुदगुल्या होतेत."

ती आता ऐंशीच्या घरात आहे. श्रावणातल्या उन्हाकडे पाठ करून ओसरीवर बसते, आणि उन्हाची तिरीप तिच्या खांद्यावरून उतरून मांडीवर येईपर्यंत तशीच बसून राहते. उजव्या हातातल्या बांगड्या सैल झाल्यात, त्यांचा आवाज पूर्वीसारखा ठाशीव येत नाही. एक दिवस दोन्ही बाजू सारख्याच मुक्या होतील. पोलकं मात्र तेच आहे. माणूस विसरतं, शरीर विसरत नाही. काळ सगळ्यांची नावं पुसत जातो आणि त्या पुसण्यातही कुठेतरी एखाद्या बाहीखाली, कोणी पाहील या भरवशावर, एखाद्या लेकराचं थोडंसं बालपण जपून ठेवतो. पाहणारं माणूस वेळेवर आलं नाही, तर ते तसंच झाकलेलं निघून जातं.

म्हणून या पोळ्याला ये. मी ठरवलंय, त्या हाताला पहिलं बोट मी लावणार, तिने कितीही पदर ओढला तरी. आणि दुसरं ओवी. तिला आधी काही सांगू नकोस, ती निशाणी आधी तिची तिला सापडू दे, माझं बोट त्यानंतर. मग त्या वहीत काय लिहायचं ते ती तुला विचारणार नाही. हळद मी आजच कालवून पाहिली, बरी जमली. आवतण आजच घे, मंजू, आणि जेवायच्या दिवसाची वाट पाहू नकोस. आदल्या संध्याकाळीच ये, उजेड आहे तोवर.