खिडकीतल्या बारा बाटल्या

अक्कलदाढ काढून तीन दिवस घरी पडलेली ताई दुपारी हॉटेलात आली, तर पश्चिमेच्या खिडकीत काचेचं नवंकोरं कपाट. आत तिच्या तळघरातल्या लाल वाइनच्या बारा बाटल्या उन्हात उभ्या. तिने एकीला हात लावला. चांगलीच तापली होती.

"कोणी आणल्या ह्या वर?"

"मी," धाकटा भाऊ म्हणाला. हॉटेल वडिलांनी त्याच्या नावावर केलं होतं, स्वयंपाकही तोच बघायचा. तळघर मात्र बावीस वर्षं तीच सांभाळत होती. दाढेपायी किल्ली तेवढी त्याच्याकडे ठेवली होती. "लोकांना दिसल्या तर लोक मागतील. तळघरात काय अंडी उबवायचीत?"

"उबवतोयस तू." तिने दोन्ही हातांत एकेक बाटली घेतली आणि जिन्याकडे निघाली. टेबलं भरलेली होती.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत." सुजलेल्या गालामुळे शब्द बोबडे आले, पण कोणी हसलं नाही.

नेहमी जेवायला येणारे एक सर्जन टेबलावरून म्हणाले, "त्यातली एक इथेच राहू द्या."

"ही नाही देणार. उन्हात शिजलीय."

"हॉटेल माझं आहे," भाऊ चिडला.

ताईने ती बाटली तिथेच उघडली, खालून त्याच वाइनची दुसरी, गार बाटली आणली आणि दोन्ही ओतल्या. सर्जनांनी तापलेल्या बाटलीतला ग्लास हुंगून बाजूला सारला. भावाने दोन्ही चाखल्या. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "मला सारख्याच लागतात."

"म्हणूनच तळघर माझ्याकडे आहे. तुझ्या रश्शात मीठ घालायला मी येते का?"

"पण ही गार आहे," सर्जन म्हणाले. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला पितात ना?"

"ज्यांनी ते ठरवलं, त्यांच्या खोल्या गारठलेल्या असायच्या. इथे आपल्याला घाम फुटलाय. पाच मिनिटं ग्लास हातात धरा, मग सांगा."

त्यांनी धरला, प्यायले, आणि तक्रार केली नाही.

त्या संध्याकाळी ताईने तळघराचं कुलूप बदललं. तापलेल्या बाटल्या रश्शात घालायला स्वयंपाकघरात गेल्या. भाऊ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी तो अर्धा जिना उतरून थांबला.

"दुसरी किल्ली मला देशील?"

"नाही."

तो तिथेच पायरीवर बसला. "खाली बरं वाटतं गं. वर नुसती भट्टी आहे."

"बस हवा तेवढा वेळ," ताई बाटल्या पुसता पुसता म्हणाली. "पण आधी दार लाव."