पेंटियमची जोडी

पिंपळदऱ्याच्या दूध संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो निवडायचं काम सहादेव अण्णांकडं आलं. कारण सरळ होतं. अण्णांना बैलांतलं कळत होतं.

नव्याण्णव साल होतं. आजूबाजूच्या गावांत दुधाचा पगार, म्हणजे दर दहा दिवसांचा हिशेब, कॉम्प्युटरवर निघायला लागला होता आणि पिंपळदऱ्यात सचिव अजून बोटांच्या पेरांवर मोजत होते. सभा भरली, ठराव झाला. मग चेअरमन गोरक्षनाथांनी विचारलं, आता बाजाराला कोण जाणार? सचिव म्हणाले, वस्तू भारी आहे, फसलो तर गाव जन्मभर बोलेल. हे ऐकल्यावर सगळ्या माना आपोआप अण्णांकडं वळल्या. घोडेगावच्या बाजारात ज्याला एकाही हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, आजवर गंडवलं नव्हतं असा माणूस गावात एकच होता. लांबून येणाऱ्या बैलाची चाल बघून अण्णा सांगायचे, याचा मागला डावा खूर दुखतोय. जवळ गेल्यावर तो दुखतच असायचा.

"आरं, पन ते यंत्र हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पारख ती पारख," गोरक्षनाथ म्हणाले. "जनावर काय अन् यंत्र काय, इकनारा मानूसच असतो ना?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. अण्णांना तिथल्या तिथं सांगायचं होतं, की बाबांनो, मला यातलं कळत नाही. पण हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आणि सवय नसलेली गोष्ट भर सभेत करायला माणूस बिचकतो. शिवाय पारखी माणसाजवळ नावाशिवाय दुसरं असतं काय? जमीन तर सगळ्यांकडंच असते. अण्णा 'बघू' म्हणाले. गावानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

सोबतीला रंभाजीची प्रज्ञा दिली. तिनं नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि पुढं तो चालवायचा तिनंच होता. यंदाच्या भीमजयंतीची पत्रिका तिनं कॉम्प्युटरवर काढली होती, चारी कोपऱ्यांत फुलांसकट. त्यामुळं तिच्याबद्दल गावाला शंका नव्हती. शंका तिला स्वतःला होती.

"अण्णा, आमाला चालू करायचं अन् बंद करायचं शिकवलं. मधलं थोडं थोडं," ती एसटीत म्हणाली. "पन कोन्ता घ्यायचा, ते न्हाई शिकवलं."

"त्याचे दात तरी बघता येतात का तुला?"

"त्याला दात नसतात अण्णा."

"आसं," म्हणून अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. मग वय कशावरनं ओळखायचं, हा प्रश्न नगर येईपर्यंत सुटला नाही.

नगरात राधाकृष्ण नावाच्या गृहस्थांचं दुकान होतं. पायताण बाहेर काढून आत जावं लागे. अण्णांनी सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत गारवा होता आणि टेबलावर एक पांढरं, नाजूकसं खोकं होतं.

"हा सेलेरॉन. तीनशे तेहतीस," राधाकृष्ण म्हणाले. "कोरा करकरीत. तुमच्या कामाला भरपूर."

"तीनशे तेहतीस काय?"

"मेगाहर्ट्झ. प्रोसेसरचा वेग. प्रोसेसर म्हणजे आतली चिप. सगळं काम तीच करते."

"म्हंजे वढनारा त्यो."

"हां, ओढणारा तो."

अण्णांना हायसं वाटलं. खोकं म्हणजे गाडी, आणि बैल आत. "किती हायेत आत?"

"एकच."

"एकटाच?"

"एकच असतो अण्णा, सगळ्यांत," प्रज्ञा हळूच म्हणाली.

राधाकृष्ण प्रामाणिक माणूस होते, आणि प्रामाणिक माणूस समजावून सांगायला लागला की ऐकणाऱ्याचं काही खरं नसतं. ते म्हणाले, याच कंपनीचा पेंटियम टू याहून भारी, पण तो तुम्हाला नको. याच्या आधी एक सेलेरॉन आला होता तो याहून हलका, तोही नको.

"नाव तेच?" अण्णांनी विचारलं.

"नाव तेच."

"अन् गुन येगळे?"

"बरेच वेगळे."

घोडेगावच्या बाजारात असं बोलणाऱ्याला अण्णांनी दुसऱ्यांदा तोंड उघडू दिलं नसतं. शेवटी त्यांनी आपल्या हातातलं हत्यार काढलं. "भावाचं बोला."

"भाव फिक्स आहे."

अण्णा खचले. भाव मागंपुढं करताना विकणाऱ्याचा आवाज कुठं कापतो, नजर कुठं जाते, यावरूनच तर जनावराची खोड कळते. जो भाव हलतच नाही, त्यातून काय कळणार?

तिथून ते पुंजारामकडं गेले. पुंजाराम एके काळी घोडेगावचा नावाजलेला हेडी. ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तसा तो भंगारात शिरला. नुकताच त्यानं एका बंद पडलेल्या कारखान्यातला माल उचलला होता.

"या अण्णा!" पुंजाराम पत्र्याच्या शेडमधून ओरडला. "तुमच्यासाठीच ठिवलीय वस्तू."

वस्तू कमरेइतकी उंच होती. काळीभोर, रुंद छातीची, चाकांवर उभी.

"सर्व्हर म्हनत्यात याला. कारखान्यातली समदी कॉम्प्युटरं ह्याच्या मागं चालायची. पेंटियम प्रो! अन् हिकडं बघा," पुंजारामनं बाजूचा पत्रा काढला. "जोडी हाय अण्णा, जोडी!"

आत खरंच दोन होते. शेजारी शेजारी, एका मापाचे, एका रंगाचे. अण्णांच्या काळजात काहीतरी हललं.

"वय?"

"तीन वर्सं. आत्ताशी कुठं दात जुळल्यात."

"प्रज्ञा तर म्हनली दात नसतात."

"पोरीला काय कळतंय, ती शिकलेली हाय," पुंजाराम म्हणाला. त्यानं यंत्र चालू केलं. विमान निघाल्यासारखा आवाज झाला आणि कोपऱ्यातलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

"इतकं का घुमतंय?"

"दम हाय अंगात. एकाचा वेग दोनशे. हायेत दोन. करा बेरीज."

"चारशे," प्रज्ञा म्हणाली.

"अन् राधाकृष्णाचं ते कोकरू?" पुंजारामनं विचारलं. बाजारातली खबर त्याला आधीच लागलेली असायची.

"तीनशे तेहतीस."

पुंजारामनं अण्णांकडं बघितलं. तीस वर्षं हा माणूस आपल्याला फसवू बघतोय आणि आपण फसलो नाही, हे अण्णांना आठवत होतं. पण तेव्हा समोर बैल असायचा. पुंजाराम खोटं बोलला तरी बैल खरं बोलायचा. हे जनावर नुसतं घुमत होतं.

ते पुन्हा राधाकृष्णांकडं गेले. चारशेचा हिशेब ऐकून राधाकृष्ण म्हणाले, "तशी बेरीज करायची नसते."

"का? औताला दोन बैल जुपल्यावर ताकद वाढती का न्हाई?"

"अण्णा, तो प्रोसेसर वाईट नाही. सर्व्हरचा आहे, त्याच्या काळात फार मोठा होता. पण तुमचा दुधाचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा आहे, त्याला तो हळू पडतो."

"जुना प्रोग्राम, जुना प्रोसेसर. मंग जमाया पायजे की!"

"तेच उलटं आहे. तो जुना असला तरी पुढच्या, नव्या पद्धतीच्या प्रोग्रामसाठी केलेला होता."

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्हंजे जुना बैल नव्या औताला, अन् नवा बैल जुन्या औताला?" ते कुचेष्टेनं म्हणाले.

"अगदी बरोबर!" राधाकृष्णांचा चेहरा उजळला. "इतक्या लवकर कुणालाच कळत नाही."

अण्णा घाबरले. काय कळलं, ते त्यांना कळलं नव्हतं.

घरी आल्यावर मुक्ताबाईंनी विचारलं, "झालं का पसंत?"

"एक चपळ हाय अन् एक थोराड हाय."

"मंग नेहमीसारकं करा. औताला धरून बघा."

बायको इतकी वर्षं बरोबर सल्ला देते आणि आपण तो आपलाच म्हणून वापरतो, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी निरोप धाडले: दोन्ही यंत्रं गावात आणा, संस्थेचं काम लावा, मग सांगतो.

ठरल्या दिवशी सकाळचं दूध घालून झाल्यावर गाव घरी गेलंच नाही. कॅन पायाशी घेऊन माणसं संस्थेच्या खोलीत आणि खिडक्यांत उभी राहिली. राधाकृष्णांनी सेलेरॉन टेबलावर मांडला. पुंजारामची जोडी चौघांनी उचलून आणली, टेबल करकरलं म्हणून खाली ठेवली. कुणीतरी तिला कुंकू लावलं. सेलेरॉनला कुणी लावलं नाही.

प्रज्ञानं दोन्हींत दुधाचा प्रोग्राम घातला आणि मागच्या दहा दिवसांचा पगार काढायला लावला. चहा उकळत होता. तो गाळायच्या आत सेलेरॉननं काम संपवलं. जोडी घुमत राहिली. चहा झाला, कप विसळून झाले, तंबाखू मळून झाली. जोडी घुमतच होती.

"जड काम हळूच व्हतं," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"काम तेच हाय, दोन्हींला," प्रज्ञा म्हणाली.

राधाकृष्ण वाकून बघत म्हणाले, "यात विंडोज अठ्ठ्याण्णव टाकलंय. त्याला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही. एकच काम करतोय. दुसरा झोपलाय."

"झोपलेला न्हाई," पुंजाराम गरजला, "राखीव हाय!"

अण्णा पुढं झाले. जोडीत एक अंगचोर निघणं त्यांना नवं नव्हतं. असा बैल जू खांद्यावर घेतो पण भार घेत नाही, आणि त्याच्या अंगाला हात लावला की कळतं. त्यांनी उघड्या बाजूनं जवळ हात नेला. एक कोमट होता. दुसराही कोमट होता.

सगळं गाव त्यांच्या पाठीकडं बघत होतं. टेबलावरचं पोरगं चपळ दिसत होतं, पण त्याचा विकणाराही म्हणत होता की याहून भारी आहे आणि याच नावाचा हलकाही आहे. खालची जोडी भरदार होती, पण निम्मी झोपलेली, आणि झोपलेला कोणता ते अण्णांना, चाळीस वर्षांच्या पारखीला, हात लावूनही सांगता येत नव्हतं. उद्या चुकलं तर नाव जाणार. आज खोटं बोललो तर नाव राहील, पण ते कशाचं राहील? अण्णांनी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य बोलून टाकलं.

"मला यातलं काय बी कळत न्हाई."

मग गोरक्षनाथांचे डोळे चमकले. त्यांनी सचिवांना कोपरानं ढोसलं.

आता इथं बाजाराची रीत सांगायला हवी. पारखी माणसाला जनावर मनापासून आवडलं, की तो विकणाऱ्यासमोर कधी तसं म्हणत नाही. तोंड वाकडं करतो, भलत्याच बैलाची तारीफ करतो. पिंपळदऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणत होतं. आणि अण्णांचा हात अजून जोडीवर होता.

पुंजारामला घाम फुटला. "आसं नका म्हनू अण्णा. भावाचं मनात आसंल तर उतरतो थोडा."

"भावाचं न्हाई रं. खरंच कळत न्हाई."

"बरं, आनखी उतरतो."

"आरं, हात जोडतो तुला!"

"हात जोडले!" मागं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "आता पुंजाराम मेला."

अण्णा गडबडले. त्यांनी टेबलाकडं बोट केलं. "मला इचारलं तर ते धाकलं बरं वाटतंय. ते घ्या. चपळ हाय."

खोलीभर खसखस पिकली. राधाकृष्णांना तेवढी आशा वाटली. ते म्हणाले, "भाव मात्र फिक्सच आहे हं." त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही. पुंजाराम अजून खाली आला.

आता इथं थांबण्यात अर्थ नाही, असं वाटून अण्णा माणसांतून वाट काढत दाराबाहेर पडले. बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागतं, तो शेवटचा डाव असतो. अण्णा कडुनिंबापर्यंत पोचले नसतील, तोच मागून हातावर हात पडल्याचा आवाज आला आणि गावानं एकच आरोळी ठोकली. जोडी घेतली होती. भंगाराच्या भावात.

पहिल्या पगाराच्या दिवशी संस्थेसमोर दुपारपासून माणसं बसून होती. सचिव बोटांवर मोजायचे तेव्हा एवढा वेळ लागत नव्हता, पण तसं कुणी म्हणत नव्हतं. आत जोडी घुमत होती. प्रज्ञा हाताची घडी घालून पडद्याकडं बघत बसली होती. अण्णा सगळ्यांत पुढच्या बाकावर होते. त्यांना राहवलं नाही.

"लई हळू हाय हे," ते मोठ्यानं म्हणाले. "चुकलं आपलं. मी तवाच सांगितलं हुतं."

सगळे हसले. गोरक्षनाथ शेजारी येऊन बसले आणि अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाले, "आवो अण्णा, पुंजाराम गेला कवाच. जनावर दावनीला आलं. आता तरी खरं बोला की."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. माणसं हसायची थांबली होती आणि वाट बघत होती. मुक्ताबाईसुद्धा कॅन घेऊन दारात थांबल्या होत्या. एवढ्या सगळ्यांनी एवढी मनापासून आपल्या तोंडाकडं कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना.

"चांगली हाय जोडी," अण्णा म्हणाले.

"आता कसं!" गोरक्षनाथांनी मांडीवर थाप मारली आणि माणसं सैल होऊन परत तंबाखू मळायला लागली. प्रज्ञानं मान वळवून अण्णांकडं बघितलं, काहीतरी विचारावंसं तिला वाटलं असावं. पण तेवढ्यात पडद्यावर पुढची ओळ आली आणि ती वाचायला लागली.