भाकरीएवढं पाप

"देवीला पाणी वाहण्याआधी हात बुडवून बघत जा गं. आपल्याला गार लागलं, तरच तिला द्यायचं." सासूबाईंचं हे सांगणं देवळात पाणी भरताना मी रोज पहाटे पाळते.

त्या सकाळी देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज गादीवर आल्यापासून रोगाची साथ हटत नव्हती. राजधानीतून त्यांनी विचारलं होतं, "पाप कुणाचं?" उत्तर चौथऱ्यावर ठेवलेल्या तांब्याच्या कुंडातला साप देणार होता; तो ज्या खुणेपाशी थांबेल, पाप त्याचं. कुंडाच्या काठावर तीन खुणा होत्या: राजवाडा, देऊळ आणि विधवा मल्लीचं घर.

"हा देवीचा साप! लाच घेत नाही, लाज धरत नाही!" पुजारी हुतूपी गरजला.

साप सळसळत गेला आणि मल्लीच्या खुणेपाशी विसावला.

"मेंढा आणा!" लोक ओरडले. रंगीत दोऱ्यांनी सजवलेल्या मेंढ्याबरोबर तिला शत्रूच्या मुलखात हाकलायचं, म्हणजे साथही तिकडंच जाईल.

मेंढ्याची दोरी हातात दिली तेव्हाही मल्ली रडली नाही. "खरंय, बाई," ती मला म्हणाली. "लेक आजारी होता तेव्हा देवीला भाकरी कबूल केली होती. तो गेला आणि ती राहूनच गेली. माझ्यामुळंच माणसं मरतायत."

मी सवयीनं कुंडात हात बुडवला. राजवाड्याच्या खुणेकडं पाणी बर्फासारखं. मल्लीच्या खुणेपाशी कोमट. धुपाला म्हणून पहाटे निखारे मीच दिले होते हुतूपीला.

"पुजारीबुवा, कुंड जरा फिरवते," मी हळूच म्हटलं.

"शिवू नकोस!"

"रोज मीच घासते की."

गर्दीतल्या दोन बायकांनी हात लावला. मल्लीच्या खुणेच्या जागी देवळाची खूण आली. साप वळला, पुन्हा त्याच कोमट जागी गेला.

"अरे, आता पापी देऊळ!" म्हातारा झुवा खिदळला. "बुवा, मेंढा धरता का?"

आम्ही तिघींनी कुंड उचललं. चौथऱ्याच्या खळग्यात, राखेखाली निखारे.

"साप राजवाड्याकडं गेला असता तर माझं डोकं उडालं असतं," हुतूपी पुटपुटला.

"देवी खरी आहे," मी म्हटलं. "पण थंडीत साप उबेकडं जातो, पापाकडं नाही. साथ कशानं येते, मला ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर तसं म्हणावं. बाई हाकलू नये. आणि काही मानण्याआधी हात घालून बघावं."

"पण भाकरी तर मी विसरलेच ना?" मल्लीनं विचारलं.

"विसरलीस. चूक भाकरीएवढी, फेडही भाकरीएवढीच."

तिनं मेंढ्याची दोरी माझ्या हाती दिली आणि कुणाशी न बोलता पीठ मळायला घराकडं निघाली.