हिरवा अंगठा

सबटायटल्सच्या त्या छोट्या स्टुडिओत ताई कित्येक वर्षं घासत होती. धाकट्या बहिणीला तिथं चिकटवलं तेही तिनंच. आणि वर्ष उलटायच्या आत मोठ्या इंग्रजी चित्रपटाचं काम साहेबांनी धाकटीच्या पदरात टाकलं. का, तर ते काम आलं तेव्हा ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि धाकटी साहेबांच्या समोर बसली होती!

"नशीब काढलंस हो," ताई म्हणाली. हसूनच म्हणाली, पण पोटात नुसता भडका उडाला होता.

चित्रपट एका माळीणबाईचा. संवादात पावलोपावली हिरवा रंग. नवशिका माणूस हिरवा, परवानगी हिरवी, मत्सरसुद्धा हिरवा. हेडफोन गळ्यात अडकवून धाकटी ताईच्या टेबलाशी आली.

"ताई, 'ग्रीन विथ एन्व्ही'चं काय करू?"

"त्यांच्याकडे माणूस हिरवा पडतो, आपल्याकडे जळतो. 'जळून खाक झाली' लिही." ताईनं मान वर केली नाही.

"आणि शेजारीण तिला म्हणते, 'यू हॅव अ ग्रीन थंब'. हे गं?"

लावेल ते रोप जगवणाऱ्या माणसाला असं म्हणतात, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. 'तुझ्या हाताला गुण आहे' ही ओळ जिभेवर तयार होती. तिनं ती गिळली.

"अंगठा हिरवा झालाय, एवढंच. सरळ लिहून टाक."

धाकटीनं डोळे झाकून लिहिलं.

चित्रपट स्टुडिओत सगळ्यांना दाखवला, तेव्हा ताई मागं बसून हशा पिकायची वाट बघत होती. पडद्यावर ओळ आली: 'तुझा अंगठा हिरवा झालाय.' नेमका त्याच क्षणी माळीणबाईनं पाल्याच्या रसानं माखलेला अंगठा फडक्याला पुसला.

"वा!" साहेब म्हणाले. "शब्दार्थच ठेवलात, पण दृश्य झकास पकडलंत. कुणाला सुचलं?"

"ताईला," धाकटी उभी राहून म्हणाली.

टाळ्या पडल्या. ताईच्या अंगाची लाहीलाही झाली. हिच्यावर फेकलेला दगडसुद्धा फूल होऊन पडावा, म्हणजे काय नशीब म्हणायचं! आणि वर हिनं कौतुकही वाटून द्यावं?

जिन्यात तिला राहवलं नाही. "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं तुला. सगळ्यांत तुझं हसं व्हावं म्हणून."

धाकटीला आधी थट्टाच वाटली. मग तिनं ताईचा चेहरा पाहिला.

"का पण?"

"तुला मिळालं ना, म्हणून."

"मी आईला रोज सांगते, ताई आहे म्हणून माझं निभतंय," धाकटी एवढंच बोलली आणि पायऱ्या उतरून गेली.

आता तिला एखादा शब्द अडला, की ती ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना विचारते. काका डोकं खाजवतात, दोघं मिळून काहीतरी जुळवतात, हसतात. ताईला उत्तर येत असतं. ती पडद्याकडे बघत बसते, आणि तिला त्या काकांचा हेवा वाटत राहतो.