आरामीच्या काथवटीचं गाऱ्हाणं

मी काथवट बोलतेय, आणि आज जरा चिडूनच बोलणार आहे. ऐकून घ्या.

पाराग्वेतल्या पिरिबेबुई गावात एका जाड खोडातून मला कोरलं आणि सेफेरीना आजीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. चाळीस वर्षं ती माझ्यात चिपाची, म्हणजे आमच्याकडच्या चीजच्या पावाची, कणीक मळतेय. मांडिओका कंदाचं पीठ, चीज, अंडी, चरबी, वर बडीशेप. भट्टी पेटली की शेजारीपाजारी वासानंच यायचे. आणि तिचीच पाच वर्षांची नात आरामी काही म्हणजे काही खायची नाही! दूध आणि एकाच प्रकारची बिस्किटं, बस्स. चमचा दिसला की उमासे.

आजीनं काय काय नाही केलं! गोष्टी सांगितल्या, धाक घातला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तेही खरंच करून पाहिलं. तोंड उघडलं, पण रडायला. डॉक्टरांनी बजावलं, "ईस्टरपर्यंत वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

मग आरामीची आई सुनिल्दा तिला मिर्ताबाईंकडे घेऊन गेली. या बाई खेळातून मुलांची अन्नाची भीती घालवतात. त्यांनी घरून मला मागवलं, तेव्हा आजी फणकारली, "अन्नाशी खेळलीस म्हणून तुला मी फटके दिलेत सुनिल्दा, आणि ही बाई खेळच शिकवतेय!"

"आजी, आधी हातांना सवय, मग ओठांना, मग जिभेला," मिर्ताबाई म्हणाल्या. "आणि 'खा' हा शब्द कुणी काढायचा नाही."

दर मंगळवारी माझ्यात कोरडं पीठ पडायचं. पहिले दोन महिने आरामीनं एक बोट लावलं आणि लगेच पुसलं. नंतर पंजा, नंतर कोपरापर्यंत हात. ओल्या कणकेचा गोळा तिनं स्वतःहून गालाला लावला, त्या दिवशी मिर्ताबाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

गुड फ्रायडेच्या आधीचा बुधवार आला. त्या दिवशी घरोघरी चिपा होते, पोरं कणकेची कबुतरं आणि मगरी करतात. म्हणून मला घरी आणलं. आरामीनं मगर केली. भाजून निघाली, तशी तिनं फुंकर मारली आणि शेपटी चाटली. हो, चाटली!

"खाल्लं! पोरीनं खाल्लं!" आजी ओरडली, आणि मगरीचं अख्खं डोकं तिच्या तोंडात कोंबलं.

झालं! हातातोंडाशी आलेला घास गेला. पोरगी गुदमरली, ओकली, टेबलाखाली जाऊन बसली. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. अहो, सहा महिने गप्प बसलात, आणखी दोन मिनिटं निघाली नसती? पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ईस्टरनंतर नळी बसली.

आरामी आता गालावर नळीची चिकटपट्टी लावून मिर्ताबाईंकडे माझ्यापाशी बसते, पण हात घालत नाही. मागच्या मंगळवारी मिर्ताबाईंनी आजीलाच आत बोलावलं. "तुम्हीच खेळा," म्हणाल्या. आजी अवघडून बसली, कणीक चिवडत राहिली. बऱ्याच वेळानं आरामीनं तिच्या हातातला गोळा ओढला, त्याचा तुकडा तोडला आणि आजीच्या ओठांशी धरला.

आजीनं मान फिरवली. "नको गं बाई, कच्चं आहे."

आरामीनं हात मागे घेतला. जोर केला नाही, ओरडली नाही. तुकडा माझ्या काठावर ठेवून तिनं आजीकडे पाहिलं, आजीला हवं तेव्हा घेऊ दे म्हणून. आजी अंगरख्याच्या बाहीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

माझं एवढंच मागणं आहे: तो तुकडा तिथं असाच राहू द्या. कुणी काही बोलू नका.