पंप घुरघुरायला लागला तो उन्हाळा

सन २०१८चा उन्हाळा यवतमाळकर अजून विसरलेले नाहीत. पंधरवडा उलटला तरी नळाला पाणी यायचं नाही, आणि नेमक्या त्याच वर्षी लोहाऱ्याकडच्या वस्तीत राजदीपच्या घरामागे पोहायचा टँक भरलेला होता.

तो हौसेने बांधलेला नव्हता. राजदीपची मुलगी मैत्रेयी स्कूटरवर मागे बसलेली असताना पडली होती. हाड जुळलं, पण पायात जोर येईना. पोरीला रोज पाण्यात चालवा, पोहवा, नाहीतर लंगडेपण कायमचं राहील, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून आदल्या हिवाळ्यात, बोअरला पाणी होतं तेव्हा, कॉलेजात शिकवणाऱ्या राजदीपने कर्ज काढून लहानसा टँक बांधून घेतला.

राजदीपची आई पंचफुला त्या टँकवर भलतीच खूश होती. पोहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. सकाळचा चहा ती काठावर खुर्ची टाकूनच घ्यायची. तिची उमर राजूरला खाणीच्या चाळीत गेलेली. तिथे पाणी म्हणजे हापशी, गुंड-घागरींची रांग आणि भांडणं. न हापसता आपोआप फिरणारं पाणी तिने पाहिलंच नव्हतं. टँकच्या भिंतीत, काठाच्या जरा खाली, टपालपेटीला असतं तसं एक तोंड होतं. पंप लावला की कडुनिंबाचं पान कुठेही पडलेलं असो, हळूहळू तिकडे सरकायचं आणि आत गडप व्हायचं. आत गेलेलं पाणी वाळूच्या टाकीतून गाळून परत यायचं. राजदीप संध्याकाळी पाण्यात जंतू मारायचं औषध टाकायचा आणि रविवारी वाळू धुण्यासाठी पाणी उलटं सोडायचा. ते गढूळ पाणी नालीत वाहून जाताना पंचफुलाचा जीव तुटायचा, पण पोराच्या कामात ती पडली नाही. फक्त विचारत राहायची, हे काहून, ते कायले. मैत्रेयी हसायची, म्हणायची, आजीला शाळेत घालू.

एप्रिल लागला तशी वस्तीतल्या विहिरींनी मान टाकली. शेजारची भुरीबाई कुंपणावरून म्हणाली, "पंचफुलाबाई, आमी तांब्याभर पाण्यात आंघोळ करून राह्यलो, अन् तुमच्या घरी म्हैस डुंबन एवढं पाणी."

हे बोलणं पंचफुलाला लागलं, कारण ते खरं होतं. तिने मागचं फाटक उघडलं. धुण्याले न्या, पण पेऊ नका, औषधाचं हाय, असं बजावलं. मग भुरीबाईच्या मागून आणखी बाया यायला लागल्या. कोणी दोन बादल्या नेई, कोणी घागर. राजदीपची बायको प्रियंका त्यांना बादल्या भरून द्यायची. घरातल्या कोणाचीच हरकत नव्हती.

काही दिवसांनी पंप घुरघुरायला लागला. आवाज सहन होईना, म्हणून प्रियंका तो बंद ठेवू लागली. पाणी आधी दुधाळ झालं, मग हिरवट. राजदीपने औषध वाढवलं. मैत्रेयीचे डोळे चुरचुरले, पाणी मात्र तसंच.

एका दुपारी मैत्रेयी तळाची स्टीलची वाटी काढायला बुडाली. पायाचा तो रोजचा व्यायाम होता. काठावर बसलेल्या प्रियंकाला एरवी तिच्या वेणीची रिबीनसुद्धा दिसायची. त्या दिवशी काहीच दिसेना. पोर कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. प्रियंकाने नेसत्या साडीनिशी उडी टाकली, तिला पोहता येत नसताना. मैत्रेयी दुसऱ्या टोकाला वर आली, हातात वाटी घेऊन, आणि आईला पाण्यात पाहून तीच घाबरली. दोघी एकमेकींना धरून पायऱ्यांशी आल्या.

राजदीप संध्याकाळी घरी आला, सगळं ऐकलं आणि मुरूमवाल्याला फोन लावला.

"माय, सोमवारी मुरूम येईन. बुजवून टाकू."

"अन् पोरीचा पाय?"



पंचफुला सकाळी उठून काठाशी गेली. कडुनिंबाचं पान पडलं होतं तिथेच बसून होतं. पंप बंद, पान जाणार कसं? तिने स्वतः बटण दाबलं. पंप घुरघुरला, पान काही हललं नाही. तो आवाज मात्र तिला ओळखीचा वाटला. चाळीतल्या हापशीचं पाणी वैशाखात खाली गेलं की दांडा मारल्यावर ती असाच कोरडा घोट घ्यायची. पंचफुलाने गुडघे टेकले, भिंतीतल्या त्या तोंडात हात घातला आणि बाहेर काढला. हात कोरडाच होता. पाणी वीतभर खाली गेलं होतं.

तिने राजदीपला हाक मारली. "पाह्य हे. तुहा पंप पाणी नाही, हवा पेऊन राह्यला."

राजदीपने लगेच टँक बांधणाऱ्याला नागपूरला फोन लावला. तो म्हणाला की पाणी त्या तोंडाच्या मध्यापर्यंत असायलाच हवं, नाहीतर पंप जळेल. औषधाने शेवाळ मरतं, पण मेलेलं शेवाळ वाळूपर्यंत पोचलं नाही तर पाण्यातच राहतं. राजदीप रोज औषध मोजून टाकत होता, पण पाणी किती उरलंय हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे आता भुरीबाईले नाही म्हणा लागन," तो म्हणाला.

"म्या बोलावलं तिले. आता नाही कशी म्हणू?" पंचफुलाने नालीकडे पाहिलं. मग म्हणाली, "रविवारचं ते उलटं पाणी ड्रमात सोड. भुरीबाईच्या संडास-मोरीले चालते ना?"

चालतं, राजदीप म्हणाला.

भुरीबाईला हे आवडलं नाही. आधी चांगलं पाणी देत होत्या, आता धुवण देता का, म्हणाली. पंचफुलाने तिला काठावर आणून ते कोरडं तोंड दाखवलं. "तुमी नेलं अन् म्या देल्लं. दोघीनं मिळून पंप उपाशी ठेवला, अन् पोरगी आमाले दिसेनाशी झाली."

 दुसऱ्या दिवशी भुरीबाईने स्वतःचे दोन ड्रम आणून ठेवले, आणि जाताना फाटकाला कडी घातली.

बोअरला उरलेलं पाणी थोडं थोडं उपसून टँकची पातळी त्या तोंडापर्यंत आणली. पंप चालत राहिला, वाळू पुन्हा पुन्हा धुतली, आणि एका सकाळी काठावरून तळाची वाटी लख्ख दिसली. ती दिसल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, असा नेम प्रियंकाने घालून दिला. सांगितलेला मुरूम त्या सोमवारी आला होताच. तो गल्लीतल्या खड्ड्यांत गेला.

मैत्रेयी आता अकरावीला अमरावतीत आहे. धावताना पाय थोडा ओढते, पाण्यात मुळीच नाही. प्रियंका त्याच पावसाळ्यात पोहायला शिकली आणि आता वस्तीतल्या मुलींना शिकवते. राजदीपचं कर्ज फिटलं, पण औषधाची मात्रा अजूनही तो दुसऱ्या कोणाला टाकू देत नाही. भुरीबाई मुलाकडे दिग्रसला गेली. तिथे रोज नळ येतो, तरी तिथलं पाणी गोड नाही अशी तिची तक्रार असते. पंचफुला २०२२च्या थंडीत झोपेतच गेली. आदल्या दिवशी तिने राजदीपला विचारलं होतं, की वाळू एवढी वर्षं मळ खाते, तिचं पोट भरत कसं नाही. वाळूही बदलावी लागते, तो म्हणाला. तिला ते पटलं, आणि उन्हाळ्याआधी बदलून घे, असं तिने सांगून ठेवलं. त्याने ती बदलली.