बाकावरची धाकटी

रविवारी दुपारी मॅनेजरसाहेबांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर एका माणसाचा भाव ठरत होता. साहेब शहरातल्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक, समोर जेवायला बसलेले संघाचे खजिनदार. माणूस म्हणजे संघातला राखीव खेळाडू. त्याला सगळे लांबू म्हणत. दोन मोसम तो बाकावर बसून होता आणि आता दुसरा संघ त्याला मागत होता.

"बाकावर बसायचे एवढे पैसे?" खजिनदारांचा घास हातातच राहिला. "एवढ्यात दोन नवी पोरं येतील."

"बसायचे नाहीत हो. जाऊ नये म्हणून," साहेब म्हणाले. "कप्तानाचा गुडघा काही खरा नाही. उद्या तो पडला तर ऐनवेळी कुठे शोधत फिरणार? तयार माणूस हाताशी हवा, आपल्यात रुळलेला. महाग पडला तरी धरून ठेवायचा."

शेजारच्या खोलीत साहेबांची बायको पडून होती. तिला दम लागायचा, म्हणून दार सताड उघडं असे. हृदय थकलंय, जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जपणुकीसाठी सासूबाईंनी तिच्या धाकट्या बहिणीला आणून ठेवलं, त्याला वर्ष होत आलं. किती कौतुक झालं सासूबाईंचं! सुनेसाठी एवढं कोण करतं? कौतुक करणाऱ्यांनी त्या घरात एकदा जेवायला बसायला हवं होतं.

कारण तिथे सराव चालायचा. तीन वर्षांच्या नातवाला मावशी भरवायला बसली की सासूबाई घास मधेच अडवून धरत. "कोण भरवतंय? मावशी नाही, आई. आई म्हण, मग घास." भुकेलं पोर म्हणे. थोरलीचे चांगले कपडे धाकटीच्या मापाने आत घेऊन ठेवले होते, आणि ते थोरलीकडूनच शिवून घेतले होते. "पडल्या पडल्या हाताला काम," असं त्यावर सासूबाईंचं म्हणणं.

धाकटीच्या बापाला जावयाकडून दर महिन्याला घसघशीत रक्कम जात होती. दूरच्या शहरात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत धाकटीला नोकरी मिळाली, तर बापच म्हणाला, "नोकऱ्या काय, मिळतील. ताईचं काही बरंवाईट झालं तर घर कोण बघणार?" बरंवाईट म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीलासुद्धा. उद्या हजर झाली नाही तर धाकटीची ती नोकरी जाणार होती.

तेवढ्यात लांबू आला. दारातून वाकून आत शिरला आणि बस म्हटलं तरी उभाच राहिला. धाकटीने त्याला पाणी दिलं.

"साहेब, रक्कम चांगली आहे. पण मला नको. मी जातो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिकडे याच्या निम्मेसुद्धा देणार नाहीत."

"तिकडे खेळायला मिळेल." लांबू हातातला पेला फिरवत राहिला. "आणि खरं सांगू? परवा कप्तान घसरून पडला, तेव्हा सगळे त्याच्याकडे धावले. मी बाकावर बसून जॅकेटची चेन उघडत होतो. त्याला कुठे लागलंय, हेही मी पाहिलं नाही. मला आनंद झाला होता, साहेब. तो मित्र आहे माझा. मला असला माणूस व्हायचं नाही."

खजिनदार गालातल्या गालात हसले. त्यांचे पैसे वाचले होते. धाकटी मात्र पाण्याचा जग हातात घेऊन तशीच उभी होती. मग ती ताईच्या खोलीत गेली.

"ऐकलंस?"

"मला इथे सगळंच ऐकू येतं गं."

"गेल्या महिन्यात तुला इस्पितळात नेलं ना, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी मला तुझं कपाट लावायला सांगितलं. मी लावलं, ताई. आणि तुझा तो निळा पोशाख घालून आरशासमोर उभी राहिले." तिला रडू फुटलं. "मला मी छान दिसले."

थोरलीला राग आला, चांगलाच आला. हिला वेणी घालायला आपण शिकवलं होतं. तरी तिने बहिणीचा हात धरला.

"चूक तुझी नाही. तुला इथे बसवलंच आहे त्यासाठी. पण अजून राहिलीस तर तू माझ्या मरणाची वाट बघायला लागशील, आणि मग मी गेल्यावर तुला धड रडताही येणार नाही. आजच निघ."

"तुला औषध कोण देईल?"

"कोणी देणार नाही कदाचित. तरी निघ."

संध्याकाळी धाकटी बॅग घेऊन बाहेर पडली. साहेबांनी आवाज चढवला नाही. "खुशाल जा. उद्या हिला काही झालं तर ते तुझ्यामुळे, एवढं लक्षात ठेव." पोर "आई, आई" करत फाटकापर्यंत तिच्यामागे धावलं. तिने खाली बसून त्याचं नाक पुसलं. "आई आत आहे, राजा. मी मावशी." पोर परत आलं, थोरलीच्या दारात थांबलं, आणि हिला काय हाक मारायची हे त्याला कळेना.

सासूबाईंनी वेळ दवडला नाही. त्यांनी थोरलीच्या बापाला फोन लावला. आधी हवापाण्याचं झालं, मग धाकटीच्या कृतघ्नपणाचं झालं. मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "बरं, तुमची तिसरी केवढी झाली हो आता? सोळा? मग काही लहान नाही. शाळा काय, इथेही आहे. रक्कम आहे तीच ठेवू, थोडी वाढवूसुद्धा."

थोरली उठली. भिंतीला धरून, मधे थांबत, ती बाहेर आली आणि सासूच्या हातातून तिने फोन काढून घेतला.

"बाबा, मी बोलतेय. हो, मीच. अजून आहे मी." तिला दम लागला. "धाकटीला मी पाठवलं. तिसरीला धाडलंत तर तिलाही दारातूनच परत पाठवीन. जितके दिवस आहे तितके दिवस त्या दारात बसेन."

 पलीकडून बापाने विचारलं, "तुझी तब्येत कशी आहे, बाळ? डॉक्टर किती दिवस म्हणतात?"

वर्षभरात त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. का विचारलं, ते थोरलीला बरोबर कळलं. वाचकहो, तुम्हालाही कळलं असेल. नसेल कळलं, तर आपल्या घरात कोणाला असं बसवून ठेवलं आहे का, ते आज जेवायला बसण्यापूर्वी बघून घ्या.